चार आणि पाच नंबरच्या प्लगांमधला रहिवासी

पद्मावती मगदूम यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतला फॉल्ट अकरा वर्षं एकाच जागी राहत होता, त्यामुळे नियमाप्रमाणे नोटीस दिल्याशिवाय त्याला काढता येत नव्हतं. आणि नोटीस द्यायची तर पत्ता हवा होता.

पत्ता कुणालाच माहीत नव्हता. ग्राइंडर लावला की ट्रिपर पडून वीज जायची, एवढीच त्याची ओळख. जयसिंगपुरातल्या दोन नावाजलेल्या वायरमननी प्रयत्न करून पाहिला होता. पहिल्यानं नोटिशीवर 'स्वयंपाकघर, पूर्वेची भिंत' असं लिहिलं. ती 'पत्ता अपुरा' म्हणून परत आली. दुसऱ्यानं 'प्लग नंबर पाच' असं लिहिलं, त्यावर 'या जागी कुणी राहत नाही' असा शेरा पडला. तिसरी नोटीस चुकली की फॉल्ट कायम होणार होता. म्हणजे भिंतीवरचे सातही प्लग त्याच्या नावावर चढणार आणि पद्माकाकूंना तिथं साधा मिक्सरही लावता येणार नाही.

काकूंचं घर इडलीच्या पिठावर चालायचं. नवरा गेल्यापासून गल्लीतल्या दोन खानावळींना त्या पीठ देत. इतके दिवस शेजारच्या घरातून वायर ओढून त्यांनी ग्राइंडर फिरवला, पण आता शेजारी घर सोडून निघाले होते.

तिसऱ्या वेळी काकूंनी रेहाना नदाफला बोलावलं. रेहानाकडे वायरमनचं लायसन्स आठ वर्षांपासून होतं. तरी लोक तिला ट्यूब बदलायला आणि पंख्याचा कंडेन्सर टाकायलाच बोलवत. फॉल्ट काढायचा असला की विचारत, "घरी कुणी गडीमाणूस असेल तर पाठवशील का?" काकूंनी तसं काही विचारलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "रेहाना, ही शेवटची संधी आहे बघ."

तिसऱ्या नोटिशीची सुनावणी जागेवरच होती. भिंत-दोष कक्षाचे बेडकिहाळे फाइल घेऊन दहाला आले, स्टुलावर बसले आणि चहा नको म्हणाले. प्रकरण चालू असताना फक्त पाणी चालतं, असं त्यांनी सांगितलं.

"पाच वाजेपर्यंत पत्ता लिहून द्या," ते रेहानाला म्हणाले. "फूट-इंचासकट. खाडाखोड चालणार नाही."

रेहानानं मेन स्विच बंद केला. फ्रिज, मिक्सर, ग्राइंडर, सगळ्यांच्या पिना उपसल्या. मग सात प्लगांच्या रांगेतला मधला, चौथा प्लग उघडला, वायरी सुट्या केल्या आणि दोन्ही बाजूंना वायरीतली गळती मोजायचा मेगर लावून पाहिला. बोर्डाकडची बाजू निरोगी निघाली. पुढच्या बाजूला मेगरचा काटा शून्यावर जाऊन पडला.

"म्हणजे तीन प्लग सुटले," ती काकूंना म्हणाली.

सहावा उघडला. तिथून पुढं सातव्यापर्यंत दोष नव्हता. पाचवा उघडला. पाचव्यापासून सहाव्यापर्यंतही वायर ठणठणीत. उरली ती चार आणि पाचच्या मधली पाच फूट भिंत. तोवर साडेतीन वाजले होते.

पाच फूट हा काही पत्ता नव्हे. भिंत फोडून बघायला बंदी होती, कारण आत कुणी राहत असताना घर फोडता येत नाही. रेहाना भिंतीसमोर मांडी घालून बसली. ही नोटीस परत आली तर गावात पुन्हा कुणी तिला ट्यूबसाठीसुद्धा बोलावणार नव्हतं, आणि ते काही चूकही म्हणता आलं नसतं.

त्या पाच फुटांत एक दिनदर्शिका टांगलेली होती. तिनं ती उचलून बाजूला ठेवली. मागं गंजलेला खिळा होता.

"काकू, हा कधीचा?"

"कॅलेंडरचा खिळा गं. यांनी ठोकलेला. घरभरणीच्या वर्षी. दर वर्षी कॅलेंडर बदललं, खिळा तोच ठेवला."

"किती वर्षं झाली?"

"अकरा."

रेहानानं टेप काढली. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग नोटिशीवर सावकाश अक्षरात लिहिलं: 'चार नंबर प्लगपासून पाचकडे जाताना दोन फूट चार इंच. पाइपच्या आत, खिळ्याच्या टोकाशी, फेज आणि अर्थच्या मध्ये.'

बेडकिहाळेंनी ती भिंतीला लावून मोठ्यानं वाचली.

"मीच तो," भिंतीतून आवाज आला. सर्दी झालेल्या माणसासारखा घोगरा होता. "पत्ता बरोबर आहे."

बेडकिहाळेंनी शेरा मारला: 'नोटीस मिळाली.'

"पण मी जाणार कुठं?" फॉल्ट म्हणाला. "अकरा वर्षं लोक ट्रिपर वर करून निघून जायचे. मी नेमका कुठं आहे, हे कुणी शोधलं नाही. पर्यायी जागा मिळाल्याशिवाय मी हलणार नाही."

"तो त्याचा हक्क आहे," बेडकिहाळे म्हणाले. घड्याळात चार पन्नास झाले होते.

रेहाना भिंतीजवळ सरकली. "आयटीआयमध्ये मुलींची वायरमनची तुकडी आहे. शनिवारी मी शिकवते. तिथं बोर्डावर आम्ही मुद्दाम वायर सैल सोडतो, ती त्यांना दोन मिनिटांत सापडते. खरा फॉल्ट त्यांनी अजून बघितलेला नाही. आपण याल का?"

"किती जणी?"

"बावीस."

"आणि रोज शोधतील?"

"रोज. सापडलात की वहीत पूर्ण पत्ता लिहितील. मग दुसऱ्या बोर्डावर बदली."

फॉल्ट म्हणाला, "खिळा हळू उपसा."

बेडकिहाळेंनी 'स्वेच्छेने संमती' असं लिहून सही केली, आणि मग चहा मागितला.

रेहानानं जुनी वायर ओढून काढली. तिचा काळवंडलेला इंचभर तुकडा फॉल्टसकट रबर लावलेल्या डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि नवी वायर घातली. मेन चालू केल्यावर काकूंनी सातही प्लग भरले: ग्राइंडर, मिक्सर, फ्रिज, इस्त्री, पाणी तापवायची कांडी, शेजाऱ्यांचा टेबलफॅन आणि त्यांचाच टोस्टर. सामान बांधायचं सोडून शेजारी दारात येऊन उभे राहिले. सगळी यंत्रं एकदम घरघरत होती आणि ट्रिपर जागचा हलला नाही.

"कुणी काढला हो?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"रेहानानं," काकू त्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या. "बाकीचे दोघे पत्ता चुकले."

आयटीआयमध्ये पहिले आठ दिवस फॉल्ट कुणालाच सापडला नाही. नवव्या दिवशी अस्मिता कुरणे नावाच्या मुलीनं इंचासकट त्याचा पत्ता वहीत लिहिला. त्याची बदली तीन नंबर बोर्डावर झाली. रुजू होण्यासाठी नियमाप्रमाणे मिळणारा एक दिवस त्यानं मागितला, आणि रेहानानं तो मंजूर केला.