तुळसाबाईचा आखाडा आणि माझा रोलर

आमच्या गावाला सडक मी आणली, हे मी आजही छाती ठोकून सांगतो! वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं, ग्रामपंचायत नवीकोरी होती आणि सरपंच होतो मी. मेडशीच्या रस्त्यापासून थेट वेशीपर्यंत मुरूम टाकला, बैल जुंपून दगडी रोलर फिरवला. सडक अशी झाली की बायका म्हणायच्या, हिच्यावर पापड वाळत घालावेत!

सडकेच्या टोकाशी आखाडा व्हायचा होता. जागा तुळसाबाईची. तिचा नवरा, बबनराव पैलवान, आदल्या साली वारला. कारंज्यापर्यंतच्या कुस्तीच्या दंगली त्यानं मारल्या, पण स्वतःच्या गावात त्याला आखाडा कधी मिळाला नाही.

"सरपंच, या नागपंचमीले त्याईच्या नावानं कुस्त्या झाल्याच पायजे," तुळसाबाई म्हणाली. "मले दुसरं काई नोको."

बाई नुसतं बोलून थांबली नाही. गाड्या जुंपून लाल माती आणली, ताक, हळद, तेल घालून स्वतःच्या हातानं मुरवली, कडेला नवऱ्याच्या नावाचा दगड बसवला. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही!

सणाच्या आदल्या दिवशी मी पाहणीला गेलो. माती सगळी वर-खाली, उकरलेली. आणि उद्या तर तालुक्याचे साहेब येणार! मी हुकूम सोडला, "फिरवा रोलर!"

"आखाड्यावर?" फुलसिंग पैलवान ओरडला. "सरपंच, हे सडक नोय!"

"सायबाले गुळगुळीत दिसलं पायजे. सकायी तुमी कुदय मारून घ्या, झालं!"

पाणी मारलं, रोलर फिरवला. पावसानं दडी मारलेली, ऊन कडक. संध्याकाळपर्यंत आखाडा असा टणक झाला की त्यावर नारळ फोडावा!

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेब आले. कुस्तीला आलेले शिरपूरचे पैलवान लंगोट बांधून उभे. मी ऐटीत कुदळ पुढे केली. कोणी हात लावेना!

"आज नागपंचमी हाये," फुलसिंग म्हणाला. "आज जमीन खंदाची नसते. लहान लेकरालेई ठाऊक हाये!"

मलाही ठाऊक होतं हो! पण 'उद्या सण' आणि 'उद्या कुदळ' या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी राहूनही एकमेकींशी बोलल्या नव्हत्या!

"मग पुढच्या वर्षी करा," साहेब म्हणाले. शिरपूरकर धोतरं गुंडाळून निघायच्या बेतात. तुळसाबाई नवऱ्याच्या त्या दगडापाशी उभी होती. तिच्याकडे बघवेना. मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं एकदा टाचेनं माती ठोकून पाहिली, मग पदर खोचला.

"लोखंड घालाचं नाई ना जमिनीत? म्हशीच्या पायाले कोनं मना केलं?" ती गरजली. "सोडा रे माह्या म्हशी! अन् सरपंच, तुमी पानी आना!"

मी, गावचा सरपंच, डोक्यावर घागर घेऊन धावलो! माती भिजली, म्हशी आत सुटल्या, गोल गोल फिरल्या. खुरांखाली रोलरचं काम घटकाभरात मोडलं. माती लोण्यासारखी मऊ! साहेब तर टोपी काढून बघत राहिले.

"बाई, तुम्ही आमच्या खात्यात या!" ते म्हणाले.

"मंग म्हशी कोन पाह्यन?" तुळसाबाईनं विचारलं.

बाकी म्हशी निघाल्या, पण सगळ्यात थोरली चिखलात बसली ती बसलीच. साहेबांसमोर काहीतरी पराक्रम करावा म्हणून मी शिंगं धरली.

"सरपंच, राहू द्या! तिले अनोयखी मानूस चालत नाई!" तुळसाबाई ओरडेपर्यंत म्हशीनं मान हलवली. माझे दोन्ही खांदे मातीला टेकले, आणि वर नुसतं आभाळ!

हलगी कडाडली. "चितपट!" फुलसिंग ओरडला.

मग भुसा मिसळून माती सुकवली आणि दुपारी बबनरावच्या नावानं अशा कुस्त्या झाल्या की मेडशीपर्यंत आरोळ्या गेल्या. तुळसाबाई त्या दगडाला टेकून बसली होती. हसतही होती, डोळेही पुसत होती.

आता दर नागपंचमीला हलगीवाला पुकारतो, "या आखाड्यातली पयली कुस्ती आपल्या सरपंचाईनं खेयली!" लोक टाळ्या वाजवतात, मी पुढच्या खुर्चीवरून हात जोडतो. कुस्ती कोणाशी झाली, ते सांगायला तुळसाबाईनं सक्त मनाई केली आहे. देवमाणूस!

आणि जिंकणाऱ्याला दरसाल त्याच म्हशीच्या लेकी-नातींचं दूध मिळतं.