डबा थोरल्याचा, इंजन धाकट्याचं

वलगावला नत्थुजींच्या अंगणातली शेवरलेट चाळीस वर्षांत जागची हलली नव्हती, कारण तिच्यात इंजनच नव्हतं. आणि इंजन नव्हतं, कारण ते वाटणीत धाकट्या भावाला गेलं होतं.

वावर, विहीर, बैल, भांडीकुंडी सगळं बिनबोभाट वाटलं गेलं आणि अडलं ते वडिलांच्या गाडीवर. ही अमेरिकन गाडी वडिलांनी एका जिनिंगवाल्याकडून हौसेनं घेतली होती. एकानं गाडी घ्यावी, दुसऱ्यानं तिची किंमत, असं पंच सांगून थकले. पण दोघांनाही गाडीच पाहिजे होती. जेवायची वेळ टळून गेली तेव्हा पंचांनी वैतागून निकाल दिला : डबा थोरल्याचा, इंजन धाकट्याचं. धाकट्या देवमननं इंजन खोललं, बैलबंडीत घातलं आणि अकोल्याला नेलं. तेव्हापासून भावाभावांत बोलणं बंद. दसऱ्याला इकडे डब्याला हार पडे, तिकडे अकोल्याच्या बैठकीत पाटावर ठेवलेल्या इंजनाला. आणि ‘गाडी माह्यापाशी आहे,’ असं दोघंही पाहुण्यांना छातीठोकपणे सांगत.

यंदा नत्थुजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर त्यांनी खाटेवरून गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, “डोये तं आले बाप्पा. आता एकदा तिचा आवाज कानात पडला की मी मोकळा.”

“पडन ना बाबा! दसऱ्याच्या आत पडन,” मनोज म्हणाला.

मनोज हा नत्थुजींचा एकुलता एक मुलगा. त्याचं खताबियाण्याचं दुकान होतं आणि ‘जमणार नाही’ हे शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नव्हते. त्यामुळे त्यानं हातात घेतलेली कामं खूप होती आणि जमलेली कमी. पण बापानं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं, आणि ते द्यायचंच असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

“शेवरलेटवर शेवाळ आलं,” त्याची बायको सीमा म्हणाली, “अन् इंजन कुठून आणसान? ते अकोलेवाले तुमाले दारात तरी उभं करतीन का?”

“तू फक्त पाह्य,” मनोज म्हणाला.

त्यानं केलं ते असं. बापाला सांगितलं, इंजन नागपूरच्या भंगारातून घेतलं. अकोल्याला जाऊन देवमनकाकाला सांगितलं, “काका, बाबानं डबा विकाले काढला. मी तुमच्यासाठी धरून ठेवला. तुमी इंजन द्या, मी तुमची गाडी उभी करून देतो.” काका हरखला. वाटणीत शेवटी आपणच जिंकलो, असं वाटून त्यानं मनोजला चक्क दोन कप चहा पाजला.

वलगावात इंजन आणावं तर बाप ओळखणार, अकोल्यात डबा न्यावा तर बाप सोडणार नाही. म्हणून मनोजनं मधलं मूर्तिजापूर धरलं. तिथल्या संघपालचं गॅरेज जुन्या गाड्यांसाठी नावाजलेलं. डबा ट्रॉलीवर गेला, इंजन टेम्पोत आलं. अधूनमधून दोन्ही म्हातारे आपापल्या सवडीनं काम पाहून गेले, बाप यायचा त्या दिवशी मनोज इंजन ताडपत्रीखाली झाकून ठेवी, आणि दोघांनीही संघपालला आपापला नंबर देऊन बजावलं, “मी मालक. सुरू कराच्या आधी मले फोन कर.”

सकाळी बापाला आणायचं, आवाज ऐकवायचा, घरी पोचवायचं आणि दुपारी काकाला बोलवायचं, असा मनोजचा बेत होता. पुढचं पुढे पाहू. त्यानं संघपालला फोन करून सांगितलं, “उद्या सकाळी सुरू करू. मालकाले कळव.”

संघपाल सरळ माणूस. त्याच्याकडे मालकाचे दोन नंबर होते. त्यानं दोन्हींवर कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि संघपालनं चावी फिरवली. इंजन दोनदा खोकललं आणि मग खर्जात बोलू लागलं. नत्थुजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते औषधाच्या थेंबांचं नव्हतं.

“मनोज,” ते म्हणाले, “हे भंगारातलं इंजन नोहय. हे बाबाचं इंजन होय. हे दोनदा खोकलते अन् मंगच बोलते. बाबासारखं.”

मनोज काही बोलणार तेवढ्यात दारात ऑटो थांबला आणि देवमन उतरला. हातात नारळ होता.

“मनोज,” नत्थुजी गरजले, “याले विचार, हा इथं काहून आला?”

“मनोज, याले सांग, माही गाडी सुरू होऊन राहिली म्हणून आलो!”

“तुही गाडी? गाडीत बसता येते. इंजनवर बसून दाखव!”

“अन् तू तुह्या डब्यात बसून बडनेऱ्यापर्यंत जाऊन दाखव!”

आपण एकमेकांशी बोलत नाही, हे दोघंही त्या भरात विसरले. मग भंगाराची थाप निघाली, डबा विकल्याची थाप निघाली, आणि दोघं एकदम मनोजकडे वळले.

“इतलं खोटं आपल्या घरात कोणी बोलत नव्हतं,” नत्थुजी म्हणाले.

“तुह्यावरच गेला.”

“माह्यावर? बाबाले फसवून सर्कस पाहाले कोण गेलतं?”

“इंजन काढू का मंग?” संघपालनं विचारलं.

“खबरदार!” दोघंही एका सुरात ओरडले.

दुसरा गाडी घेऊन जाईल या भीतीनं दोघंही लगबगीनं पुढच्या सीटवर जाऊन बसले. अमेरिकन गाडीच्या पुढच्या सीटवर तिघं मावतात, त्यामुळे संघपाललाही स्टिअरिंगपाशी जागा मिळाली. मागची गादी अजून शिवून यायची होती. मनोज एका उलट्या खोक्यावर बसला.

“भोंगा इंजनाचा,” देवमन म्हणाला.

“भोंगा डब्याचा. पंचाईनं तसंच सांगतलं होतं.”

“पंच तं सारे मेले.”

“पार्बता आहे ना! ती होती त्या दिवशी.”

“चल मंग, तिलेच विचारू!”

पार्बताबाई या दोघांची बहीण, दर्यापूरला दिलेली. भाऊबीजेला थोरला जाई, दुसऱ्या दिवशी धाकटा. त्यांनी चाळीस वर्षं दोनदा पाट मांडला होता. शेवरलेट दर्यापूरच्या रस्त्याला लागली. फाट्याफाट्यावर लोक चहाचे ग्लास हातात धरून उभे राहत आणि दोन्ही म्हातारे भांडण थांबवून एकाच खिडकीतून हात हलवत. खोक्यावर आदळत आपटत मनोज मनात म्हणाला, जमलं!

पार्बताबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. गाडी पाहून त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी पदरानं हात पुसले आणि तिच्या दारावरून एकदा हात फिरवला. भावांनी एकाच वेळी भोंग्याचं सांगायला सुरुवात केली.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “भोंगा कोणाचा ते मंग सांगतो. आधी मले सांगा, माह्या वाट्याले का आलं होतं?”

दोघंही गाडीकडे पाहू लागले.

“याद नाही? मी सांगतो. पंचाईले चहा करून द्याचं काम आलं होतं. तीन डाव केला.” त्यांनी संघपालपुढे हात पसरला. “चाबी आण इकडे.”

संघपालनं मालकाकडे पाहिलं. मग दुसऱ्या मालकाकडे पाहिलं. आणि चावी मुकाट्यानं पार्बताबाईंच्या हातावर ठेवली.

“आता ही गाडी माह्या दारात राहीन,” त्या म्हणाल्या. “तुमाले फिराचं असन तं फिरा. पण दोघांनी संगं याचं. एकटा आला तं चाबी भेटनार नाही.”

“अन् पेट्रोल?” देवमननं दबकत विचारलं.

“मनोज टाकन. लय अक्कल चालवते तो.”

संध्याकाळी दर्यापूरच्या स्टँडवर अकोल्याची आणि अमरावतीची अशा दोन्ही गाड्या लागल्या होत्या. नत्थुजी अमरावतीच्या गाडीत चढले. देवमन अकोल्याच्या गाडीच्या पायरीपर्यंत गेला, थांबला, आणि पुटपुटत माघारी आला, “याले संध्याकायचं काही दिसत नाही. पायरी चुकन.” तो थोरल्याशेजारी जाऊन बसला आणि भोंग्याचा विषय जिथं सुटला होता तिथून पुन्हा सुरू झाला. मनोजला बसायला जागा मिळाली नाही. दांड्याला धरून त्यानं सीमाला फोन लावला. इतका आनंद त्याला दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नव्हता.

“सुरू झाली का गाडी?” तिनं विचारलं.

“एक नंबर!”

“मंग घेऊन येऊन राहिले ना घरी?”

“गाडी आत्याची झाली. आमी एसटीनं येऊन राहिलो. तू चार भाकरी जास्तीच्या टाक, काका येऊन राहिले संगं.”

पलीकडे पिठाच्या डब्याचं झाकण वाजलं.

“कोणते काका?” सीमानं विचारलं. तिचंही काही चुकलं नव्हतं. ती त्या घरात सून म्हणून आली तेव्हापासून काका म्हणावा असा माणूस तिच्या पंगतीला कधी बसलाच नव्हता.