गोटीच्या ताब्याचा तक्ता

पुरावा कसा गोळा करायचा, हे मला कोणी शिकवू नये. प्राणीशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला मी चाळीस मुंग्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके दिले होते आणि अकरा दिवस, दर दहा मिनिटांनी, कोण कुठे आहे ते लिहून काढलं होतं. अकरा दिवसांत एकच मुंगी हरवली. तीही माझ्या मते आधीपासून आजारी होती. त्यामुळे दादाने जेव्हा विचारलं, "वकीलबाईंनी गोटीची दिनचर्या लिहून मागितलीय, जरा मदत करशील?" तेव्हा मी म्हटलं, "तू निश्चिंत राहा."

त्या दिवसापासून दादाची झोप उडाली.

गोटी ही माझी भाची, वय वर्षं सात. दादा-वहिनी वर्षभर वेगळे राहताहेत. सोमवार ते शुक्रवार गोटी वहिनीकडे, शनिवार-रविवार आमच्याकडे, असं तोंडी ठरलेलं होतं आणि बरं चाललं होतं. पण प्रकरण कोर्टात गेलं आणि वहिनीच्या वकिलांनी कागदावर लिहिलं की वडिलांना मुलीची काळजी घेण्याचा अनुभव नाही. सबब महिन्यातून दोन रविवार, दोन-दोन तास, कोर्टातल्याच खेळाच्या खोलीत भेट पुरेशी आहे.

दादा ती खोली बघून आला. रात्रीचं ताट त्याने तसंच ठेवलं.

"तिथली घसरगुंडी माझ्या कमरेएवढीपण नाही," तो म्हणाला. "भिंतीवर एक जिराफ काढलाय. गोटी आणि मी दोन तास त्या जिराफाकडे बघत बसायचं?"

वकीलबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, "गोटी उठते कधी, खाते काय, शाळेची तयारी कोण करतं. एक पान. फक्त एक." आणि माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाल्या, "एक."

एका पानात विज्ञान बसत नाही. मी एकवीस रकान्यांचा तक्ता आखला. उठणं, न्याहारी, आंघोळ, अभ्यास, दुखापत, पालक ओरडले (किती वेळा, कारण), दुसऱ्या पालकाची आठवण काढली (किती वेळा, किती वाजता). शनिवारी सकाळी वही-घड्याळ घेऊन मी गोटीसमोर ठाण मांडलं.

"आत्या, तू काय लिहितेस?"

"काही नाही. तू नेहमीसारखी वाग."

"मी आत्ता नाक खाजवलं, ते लिहिलंस?"

लिहिलं होतं.

रविवारी संध्याकाळी गोटी गेली आणि माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे आठवड्याचे फक्त दोन दिवस आहेत. पाच दिवसांची माहितीच नाही! सातातले दोन घेऊन निष्कर्ष काढायचा म्हणजे हत्तीची शेपटी मोजून वजन सांगायचं. आता, घटस्फोट दादा आणि वहिनीचा होत होता. माझा आणि वहिनीचा नव्हता. मी तिला कोरा तक्ता पाठवला. सोबत दोन ओळी: "वहिनी, तुझ्याकडचे पाच दिवस भरून देशील का? कसं भरायचं ते कळावं म्हणून आमच्याकडचा शनिवार नमुन्यादाखल जोडतेय."

चार दिवसांनी वकीलबाईंचा फोन आला. आवाज इतका शांत होता की मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.

"समोरच्या वकिलांनी एक कागद दाखल केलाय. त्यावर तुमचं अक्षर आहे. वाचू?"

"वाचा."

"आठ पन्नास, जाग. सव्वानऊ, न्याहारी: बिस्किटं, सात. दूध: नाही. दहा ते दहा चाळीस, आंघोळीबद्दल चर्चा. आंघोळ: नाही. अकरा वीस, सायकल. अकरा सव्वीस, गुडघा. एक चाळीस ते चार, वडील झोपले. तीन पाच, वडिलांच्या कपाळावर व गालांवर निळं स्केचपेन. चार, वडिलांना कळलं."

मी वहीत ताडून पाहिलं. एकही नोंद चुकीची नव्हती.

"तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?"

"माहितीच्या," मी म्हटलं.

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता गोटीच्या खोलीत जाऊन तिचे रंग डबीत भरत बसला. अर्ध्या तासाने बाहेर येऊन एवढंच म्हणाला, "झोपलो होतो ते खरंय. पण तिने दोन्ही गालांवर मासे काढले होते. ते कुठे लिहिलंयस?" माशांसाठी रकाना नव्हता.

बुधवारी अकराला कोर्टातल्या समुपदेशकांसमोर बैठक होती. मी बाहेरच्या बाकावर. आत दादा, वहिनी आणि दोन्ही वकील. पलीकडे त्या खेळाच्या खोलीत गोटी होती. दार अर्धवट उघडं होतं आणि ती घसरगुंडीवर नुसती बसली होती, कारण घसरायला जागाच नव्हती. ती किती वेळ तशी बसली ते मी पहिल्यांदाच मोजलं नाही. एवढ्यात शिपाई आला. "तक्ता लिहिणारं कोण आहे? आत बोलावलंय."

समुपदेशक साठीचे होते, चष्मा कपाळावर. माझा शनिवार त्यांच्या हातात होता.

"हे 'ना. खा. ३' काय आहे?"

"नाक खाजवलं. तीन वेळा."

"आणि 'झो'?"

"झोप."

"मुलीची?"

"वडिलांची," मी म्हटलं. वहिनीच्या वकिलांनी समाधानाने मान डोलावली. आमच्या वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

"असा तक्ता आईकडचा आहे का?" समुपदेशकांनी सहज विचारलं.

"नाही साहेब," वहिनीचे वकील म्हणाले. "आम्ही तो भरायला नकार दिला."

"आहे," वहिनी म्हणाली.

वहिनी नर्स आहे. बारा वर्षं तिने दर चार तासांनी ताप, नाडी, रक्तदाब लिहिलेत. तिने पिशवीतून पाच पानं काढली. एकही रकाना रिकामा नव्हता आणि प्रत्येक ओळीपुढे तिची सही होती.

"अहो, तुम्हाला भरू नका म्हणून सांगितलं होतं ना," वकील दबक्या आवाजात म्हणाले.

"कोरा चार्ट समोर असला की मला राहवत नाही."

समुपदेशक वाचू लागले. "मंगळवार. ओरडले: चार वेळा, कारण: बूट. टीव्ही: एक तास पन्नास मिनिटं. आंघोळ: नाही, मला ड्युटीवरून उशीर." दोन्ही वकील आता सारख्याच चेहऱ्याने छताकडे बघत होते. मग समुपदेशक शेवटच्या रकान्याशी थांबले. "वडिलांची आठवण. सोमवार एक. मंगळवार दोन. बुधवार दोन. गुरुवार तीन. शुक्रवार पाच."

आलेख चढत होता हे सांगायला माझी जीभ वळवळली, पण वकीलबाईंनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला होता.

"शुक्रवारी पाच वेळा?" दादाने विचारलं. वकिलांना नाही, तिला.

"सहाव्यांदा विचारलं तेव्हा मी ओरडले," वहिनी म्हणाली. "ते ओरडण्याच्या रकान्यात आहे."

समुपदेशकांनी चष्मा खाली घेतला. "चोवीस वर्षं या खुर्चीत बसतोय. प्रत्येक जण दुसऱ्याच्या चुका लिहून आणतो. स्वतःच्या लिहून आणलेले आईवडील आज पहिल्यांदा बघतोय."

दादाने काहीच लिहिलं नव्हतं हे मी त्यांच्या लक्षात आणून देणार होते. पायावरचा दाब वाढला.

पुढचं फार वेळ चाललं नाही. शनिवार-रविवार दादाकडे कायम, शिवाय बुधवारची संध्याकाळ. खेळाच्या खोलीचं कलम खोडलं गेलं. वहिनीने एकच अट घातली की सायकल चालवताना गुडघ्याला पॅड हवेत, आणि दादाने ती इतक्या घाईने मान्य केली की वकीलबाईंना पेन उचलायलाही वेळ मिळाला नाही.

मग समुपदेशक गोटीशी एकटे बोलायला गेले. दहा मिनिटं आम्ही पाच जण तिथेच बसून राहिलो. तिला कोणाकडे राहायचंय असं विचारलं तर? ती काय म्हणेल? वहिनी पिशवीचा बंद पिळत होती, दादा जमिनीकडे बघत होता.

समुपदेशक परत आले. "दोन्ही घरं आवडतात म्हणाली. तिची एकच मागणी आहे, आणि ती करारात घालाच असं म्हणाली."

आता त्या करारात सातवं कलम आहे. भेटीच्या काळात मुलीच्या आत्याने वही, पेन व घड्याळ घेऊन मुलीसमोर बसू नये.

दादा म्हणाला, "मान्य." त्याच क्षणी वहिनीही म्हणाली, "मान्य." वर्षभरात दोघं एका सुरात बोलले ते हे पहिल्यांदाच. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे. एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये असं आम्हाला शिकवलंय, त्यामुळे यावर मी काही बोलत नाही.