बबनभाऊंचं लॉगिन

बबनभाऊ पिंपळशेंडे पासवर्ड टाकण्याआधी चपला काढतात. वजनकाट्याच्या खोलीच्या दाराशी नव्हे, खुर्चीपाशी. संगणक सुरू करतात, चपला टेबलाखाली जोडून ठेवतात आणि मगच कीबोर्डला हात लावतात.

मी एकदा कारण विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "भाऊ, थो सर्व्हर कुठी हाये?"

"मुख्य कार्यालयात. हैदराबादले."

"मंग? आपण इथून त्याईच्या घरात जाऊन राह्यलो ना? दुसऱ्याच्या घरात चपला घालून जाते का कोणी?"

काम आटोपलं की ते पडद्याकडे पाहून "येतो बाप्पा" म्हणतात आणि लॉगआउट करतात. लॉगआउट न करता उठणारा माणूस त्यांच्या लेखी दार सताड उघडं टाकून गावाला जाणारा. हे ते तोंडावर सांगतात. आमच्या मॅनेजरनाही सांगून झालं आहे.

आमचा कारखाना सिमेंटचा, गडचांदूरला. मी लेखा विभागात. हिशेब नीट ठेवतो म्हणजे याला संगणकातलंही कळत असणार, असा वरिष्ठांचा समज झाला आणि अडलेली सगळी लॉगिनं माझ्या गळ्यात पडली. बबनभाऊ चुनखडीच्या खाणीवर वजनकाटा सांभाळतात. भरलेला ट्रक तोलायचा, रिकामा तोलायचा, वजाबाकी करायची. तोलायचं यंत्र वेगळं आहे. शेजारी हा दुसरा संगणक. त्यावरून दूरच्या सर्व्हरवर जाऊन हजेरी, रजा आणि कार्यालयाचं टपाल पाहायचं.

पूर्वी या तिन्हींचे पासवर्ड निरनिराळे होते. आम्ही सगळे वैतागायचो. बबनभाऊ मात्र खूश. त्यांनी पासवर्ड कधी कुठे लिहून ठेवला नाही आणि एकही कधी विसरले नाहीत. टाकताना ओठ हलायचे, पण त्याआधी हुकूम सुटायचा, "पाठ फिरवा."

"अहो, मीच आहे."

"तुमच्यावर भरोसा हाये, भाऊ. पण पाठ फिरवा."

मग नवी पद्धत आली. एकदाच लॉगिन करायचं, सगळी दारं आपोआप उघडतात. बबनभाऊंना ते पटलं नाही.

"एका चाबीत सारा गाव? अन् चाबीच हरपली तं?"

"हरपली तर नवी देतात."

"मंग कुलूप कायले लावता?"

जुने पासवर्ड बंद झाले. सगळ्यांचं नवं लॉगिन लागलं. बबनभाऊंचं लागेना.

एरवी ते हसून म्हणाले असते, पाहा, म्या सांगतलं होतं. पण या वेळी त्यांचा फोन आला तो घाबऱ्या आवाजात. त्यांची एकुलती मुलगी वैशाली जर्मनीत नर्स आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, घरी ते एकटेच. वैशाली तीन वर्षांनी पहिल्यांदा येणार होती. तिला आणायला नागपूरच्या विमानतळावर जायचं, पुढे ती असेपर्यंत घरी राहायचं, म्हणून त्यांना रजा हवी होती. पोंभुर्ण्याच्या भावाला त्यांनी तिच्यासाठी तळ्यातले झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, वाळवून ठेवायलाही सांगितलं होतं. पण रजेचा अर्ज आता ज्याचा त्यानं, स्वतःच्या लॉगिनमधूनच करायचा. शनिवारी संध्याकाळी पुढच्या पाळ्या ठरायच्या, आणि एकदा त्यात नाव लागलं की काटा सोडता येत नाही. फोन आला तो शनिवारी सकाळी.

मी गाडी काढून खाणीवर गेलो. बबनभाऊ अनवाणी बसलेले. मी ओळीनं सगळं तपासलं. मोठी अक्षरं चालू राहिली आहेत का? नाही. पासवर्ड बदलून पाहिला. नाही. मुख्य कार्यालयाच्या मदत विभागाला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "पासवर्ड बरोबर आहे हो. सर्व्हर त्यांना आत यायचं तिकीटच देत नाहीये."

बबनभाऊंनी ते ऐकलं. "पहिले घरात जात होतो तं तिकीट नाई लागे. आता त्याईनं काय जत्रा भरवली?"

मग मी त्याच संगणकावर माझं स्वतःचं लॉगिन करून पाहिलं. तेही लागेना. माझ्या टेबलावर ते सकाळीच लागलं होतं. म्हणजे बबनभाऊ निर्दोष, खोट संगणकात. हे सांगितल्यावर फोनवरच्या माणसानं सहज विचारलं, "घड्याळ बरोबर आहे ना तिथलं? हे तिकीट थोड्या मिनिटांचंच असतं. दोन्हीकडच्या वेळा जुळल्या नाहीत तर सर्व्हर नाकारतो. जुन्या पासवर्डना ते चालून जायचं."

मी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. माझ्या मनगटावर बारा वाजत आले होते. तिथे सकाळचे साडेसात.

"बबनभाऊ, हे घड्याळ कोणी मागं केलं?"

ते टेबलाखाली चपला शोधू लागले.

"म्याच केलं."

"काऊन?"

"थे वैशूचं हाये."

मी फोन ठेवून दिला.

"तिकडचा टाइम लावला," ते म्हणाले. "ट्रक नसला का पाहतो. आता उठली असन, आता ड्युटीवर गेली असन, आता जेवली असन. घडी घडी फोन नाई करत मी. दवाखान्यातलं काम, झोप मोडते तिची. नुसतं पाहून घेतो."

दुपारचा डबा ते आमच्या चहाच्या वेळी का उघडतात, हे मला तेव्हा कळलं. त्यावरून आम्ही त्यांची पुष्कळ थट्टा केली होती.

"घड्याळ आपल्या वेळेवर आणावं लागेल," मी म्हणालो.

"मंग राहू द्या. कागदावर लिहून देतो अर्ज."

"कागद कोणी घेत नाही आता. आणि अहो, तिलेच आणायले जायची रजा हाये ना ही!"

मीच पुढे म्हणालो, "तिचंही घड्याळ बाजूला दाखवता येतं. एक आपलं, एक तिचं. सोय आहे त्यात."

"नको. दोन दिसले का मधातलं अंतर दिसते. एकच राहते तवा वाटते, आपणच तिकडे आहो."

बाहेर ट्रकनं हॉर्न दिला. "करा तुमी," म्हणून ते काट्याकडे गेले. मी घड्याळ पुढे केलं. ते परत आले तेव्हा पडद्यावर दुपार झाली होती. त्यांनी पासवर्ड टाकला, सगळी दारं एकदम उघडली, आणि तेही कबूल करतील, अर्ज दोन मिनिटांत गेला. संध्याकाळी रजा मंजूर झाली.

वैशाली आली. चौथ्या दिवशी मी पत्नीला घेऊन भेटायला गेलो. भर दुपार. बबनभाऊ ओसरीत पाट टाकून बसले होते. आम्हाला पाहताच लांबूनच हात वर करून थांबवलं. शेजारची कोंबडी अंगणात आली, तिला त्यांनी आवाज न करता पंच्यानं हाकललं.

"झोपली हाये," ते कुजबुजले. "तिकडची झोप हाये तिची. आंगातून जाची हाये अजून."

"मग उठली की येतो."

"उद्या या, भाऊ."

दुसऱ्या दिवशीही तेच. सुट्टीतल्या बहुतेक दुपारी तिनं झोपून काढल्या. पोर इथल्या वेळेला जरा रुळली, आणि परत जायचा दिवस आला.

रजा संपवून बबनभाऊ कामावर आले तेव्हा मी मुद्दाम खाणीवर गेलो. मला वाईट वाटत होतं. एवढी धडपड करून रजा मिळवली, आणि बापलेकीला बोलायला पुरती दुपार मिळाली नाही.

"काय काय बोलले मग?" मी विचारलं.

"जास्त नाई. झोपलीच होती थे." त्यांनी रिकाम्या ट्रकचं वजन पाहिलं, पावती फाडून ड्रायव्हरला दिली, आणि ट्रक काट्यावरून उतरेपर्यंत थांबले.

"तीन साल नुसता अंदाज करत होतो, भाऊ, का आता झोपली असन," ते म्हणाले. "या टायमाले डोळ्यानं पाहून घेतलं."