दानियलमामांचं अडलेलं वचन

आमच्या दानियलमामांच्या बायबलवर्गात बसायचं तर घाई घरी ठेवून यावी लागते. एका गुरुवारी एकच वचन. आणि वर्गातल्या प्रत्येकानं ते करून दाखवल्याशिवाय पुढचं वचन नाही. एक जण अडला की सगळे अडले. पाळकसाहेब वर्षभरात आख्खा नवा करार वाचून मोकळे होतात. आम्ही दोन पावसाळ्यांपूर्वी येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाला लागलो, ते अजून डोंगर चढतोच आहोत.

मामा एसटीत मेकॅनिक होते. ते रिटायर झाले, पण खिशातला पाना काही रिटायर झाला नाही. त्या पान्यानंच टेबलावर टकटक करून ते विचारतात, “वाचलं ते वाचलं. केलं का? नुसतं वाचून नट आवळत असतो व्हय?”

येरमाळ्याच्या स्टँडमागं माझी पिठाची गिरणी आहे. माझी जीभ गिरणीच्या दगडापेक्षा खरखरीत, हे मीच सांगते. भावाला मूर्ख म्हणू नये, अशा अर्थाचं वचन आलं आणि वर्ग तीन गुरुवार माझ्यापायी अडकला. आता ओली ज्वारी दळायला आणणाऱ्याला येडपट नाही म्हणायचं तर काय म्हणायचं, तुम्हीच सांगा! चौथ्या आठवड्यात मामा सरळ गिरणीत स्टूल टाकून बसले. सकाळपासनं संध्याकाळपर्यंत, भुवयांवर पीठ. दुपारी एकानं ओले गहू आणले. मी तोंड उघडलं, मामांनी पाना वाजवला. “दादा, जरा वाळवून आणता का?” मी म्हणाले, आणि माझं मलाच हसू आलं. तेव्हापासून गिऱ्हाईक वाढलंय, पण हे मामांना मी अजून सांगितलेलं नाही.

मग पुढचं वचन आलं. देवाला अर्पण द्यायला निघालात आणि आपल्यामुळं दुखावलेला भाऊ आठवला, तर अर्पण तसंच ठेवून आधी त्याच्याकडं जायचं. मी जावेशी पाच वर्षं बोलत नव्हते. शेंगाची चटणी घेऊन गेले. दोघी रडलो, मग चटणी-भाकरी खाल्ली. वर्गातल्या नर्सबाईंनी शेजारणीशी समेट केला. शिकणाऱ्या आम्हा पाचही जणांचं झालं. आम्ही खुशीत बसलो होतो, तर मामांनी पुस्तक मिटलं.

“एक गडी राहिलाय,” ते म्हणाले.

असे सात गुरुवार गेले. मला नर्सबाईंचा संशय, नर्सबाईंना माझा. आठव्या गुरुवारी माझा पारा चढला. “मामा, कोण हाय त्यो? नाव सांगा, कान धरून नेते त्याला!”

मामांनी चष्मा काढला. “म्या हाय, रूथ.”

त्यांचा धाकटा भाऊ पौलस सास्तूरला असतो. आईच्या दफनाला तो पिऊन आला होता. मामांनी चारचौघांत त्याला कबरस्तानाच्या फाटकाबाहेर काढलं, आईला मूठमातीही देऊ दिली नाही. त्याला एकोणीस वर्षं झाली.

“तवा मला शास्त्र लई येत होतं,” मामा म्हणाले. “चूक माझी हाय, म्हणून तर पाय उचलत न्हाय. त्यानं तोंडावर दार लावलं तर?”

मामांना कशाची भीती वाटत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मामी जाऊन सहा वर्षं झालेली, घरात बोलायला कुणी नाही. मी म्हणाले, “मग राहू द्या की ते वचन. पुढचं शिकवा.”

“अन् ‘केलं का’ म्हणून कुठल्या तोंडानं इचारू?”

कापणीच्या सणाला आमच्याकडं शेतातलं पहिलं धान्य चर्चमध्ये आणतात. मामांचं ज्वारीचं पोतं दरवर्षी सगळ्यात पुढं. यंदा त्यांनी ते बाहेरच्या पायरीवरच टेकवलं. “रूथ, कोंबड्यांकडं ध्यान ठेव,” म्हणाले आणि स्टँडकडं चालू लागले.

आत गाणी सुरू, मी पायरीवर काठी घेऊन. उपासना झाली, जेवणं झाली, लोक पांगले. जो तो विचारायचा, पोतं आत का घेत नाही? मी म्हणायची, मालक यायचाय. कोंबड्यांना मी काय काय म्हणाले ते सांगत नाही. त्या काही भाऊ नव्हेत.

ऊन कलल्यावर मामा आले. मागं काठी टेकत एक वाळका म्हातारा. दोघं सरळ कबरस्तानात गेले, मी फाटकाशी थांबले. पौलसकाकांनी वाकून मूठभर माती घेतली, आईच्या कबरीवर टाकली आणि आई आजच गेल्यागत हंबरडा फोडला. मामा त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. मीही पदरानं डोळे पुसत होते, लपवायचं काय त्यात?

मग पोत्याचं एकेक टोक धरून दोघं भाऊ चर्चमध्ये गेले. मी हात लावायला गेले तर मामा म्हणाले, “ऱ्हाऊ दे, हाय की आमी दोघं.”

पुढच्या गुरुवारी वर्गात एक खुर्ची जास्त मांडावी लागली. मामांनी पुस्तक उघडलं, पण चष्माच पुसत बसले. मी टेबलावरचा पाना उचलला आणि टकटक केली.

“मामा, वाचलं ते वाचलं. केलं का?”

मामांनी भावाकडं बघितलं. “केलं बाई,” ते म्हणाले. “वाच आता पुढचं.”