बिस्केवरचं घर आणि लिंडसेचा रंधा

बाथरूमचं दार वरच्या कोपऱ्यात जरासं घासत होतं, एवढीच गोष्ट. शहाण्या माणसानं खांद्यानं ढकलून ते लावलं असतं आणि विषय संपवला असता. पण लिंडसे ट्रेम्बाथ त्याच शनिवारी मागच्या गल्लीतल्या एका गॅरेज सेलला गेला, तिथे त्याला एक जुना रंधा दिसला आणि तो घेऊन तो घरी आला. (रंध्यावर एक बंद पडलेला टोस्टर फुकट मिळाला. तो पुढे बरीच वर्षं शेडमध्ये पडून होता.)

लिंडसेनं दार उतरवलं, घासणारा कोपरा तासला, दार परत चढवलं. दार अलगद लागलं! आता लिंडसे हा नगरपालिकेत कुत्र्यांच्या नोंदणीच्या खिडकीवर बसणारा माणूस. तिथे त्याचं कुत्रीही ऐकत नाहीत आणि मालक तर मुळीच नाहीत. आपण हात लावला आणि एखादी गोष्ट सरळ झाली, हा अनुभव त्याला नवा होता. तो त्या दिवशी दार इतक्यांदा उघडून लावत बसला की शेवटी त्याची बायको ग्लेनिस म्हणाली, "आत जायचं असेल तर जा, नाही तर मला जाऊ दे."

पुढच्या उन्हाळ्यात झोपायच्या खोलीचं दार अडकायला लागलं. मग स्वयंपाकघराचं. मग पुन्हा बाथरूमचं. लिंडसे तासत राहिला. दारं बिघडत नव्हती, घर कलत होतं, हे त्याच्या डोक्यात यायला फार उशीर झाला.

अ‍ॅडिलेडच्या त्या भागात जमिनीखाली चिकणमाती. एका खवळलेल्या समुद्राच्या नावावरून जुनी माणसं तिला बिस्के म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरची घरं तिच्या तालावर वरखाली होत राहतात. ट्रेम्बाथांच्या घराचा बाथरूमकडचा कोपरा शेजारच्या निलगिरीला लागून होता. झाड मातीतलं पाणी पीत होतं आणि कोपरा खाली बसत होता. भिंतीत भेग पडली. लिंडसेनं तिच्यात पुट्टी भरली. पुट्टी गळून पडल्यावर कॅलेंडर लावलं, आणि भेग कॅलेंडरच्या खालून बाहेर आल्यावर तिथे लग्नाचा मोठा फोटो टांगला. ग्लेनिस म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच काही तरी झाकायला माझा उपयोग झाला."

तेव्हापासून लिंडसेच्या खिशात एक काचेची गोटी असायची. ग्लेनिसची पाठ वळली की तो ती जमिनीवर ठेवायचा. गोटी क्षणभर विचार करायची आणि मग बाथरूमच्या दिशेनं निघायची. हे घर त्यानं ऐन तारुण्यात घेतलं होतं. मागच्या अंगणातलं लिंबाचं झाड त्यानं लावलं होतं, शेड त्यानं बांधली होती. हे सगळं एक दिवस त्या कोपऱ्यातून घरंगळून जाणार, या भीतीनं त्याचं जेवणावरून लक्ष उडालं.

भीतीला नावही होतं. मॉरीन. ग्लेनिसची ही थोरली बहीण एका निवृत्तांच्या वसाहतीत राहत असे आणि तिच्या शेजारचं युनिट नेहमी नुकतंच रिकामं झालेलं असे. "सगळं सपाट," ती म्हणायची, "झाडं कुंडीत, आणि शेड ठेवायला परवानगीच नाही." शेवटचं वाक्य ती लिंडसेकडे बघून म्हणायची.

बोलिंग क्लबात कुणी तरी लिंडसेला सांगितलं, "माती तहानलीय रे. पाणी पाज तिला." झालं! लिंडसेनं बाथरूमच्या भिंतीलगत पाण्याचा पाइप सोडला आणि आठवडाभर चालूच ठेवला. बिस्के पोटभर प्यायली आणि फुगली. रविवारी मॉरीन जेवायला आली, हात धुवायला आत गेली, आणि थोड्या वेळानं हाक आली.

"लिंडसे! हे दार उघडत नाहीये!"

"ओढ!"

"ओढलं. मूठ हातात आली."

"मग ढकलून बघ!"

"दार आत उघडतं, गाढवा!"

"मॉरीन, तू बरी आहेस ना?" ग्लेनिसनं विचारलं.

"मी बरी आहे. तुमच्या घराला काय झालंय?"

"जरा फुगलंय," लिंडसे म्हणाला.

मॉरीनला खिडकीतून काढावं लागलं. लिंडसेनं खाली स्टूल धरलं, मॉरीननं त्यावर पाय टाकला, आणि स्टूल, मॉरीन आणि लिंडसे असे तिघेही चिखलात रुतले. मॉरीन बाहेर आली, तिचा एक बूट आला नाही.

"ऐन उन्हाळ्यात चिखल कुठून आला?" ग्लेनिसनं शांतपणे विचारलं. तिचा शांत आवाज लिंडसेला कधीच मानवत नसे.

"माती तहानली होती," तो पुटपुटला.

मग ग्लेनिसनंच इंजिनियर बोलावली. ती बाई घराभोवती फिरली, जमिनीतून मातीचे नमुने काढले आणि म्हणाली, "तुमची माती फार रिअ‍ॅक्टिव्ह आहे."

"म्हणजे?"

"जरा पाणी मिळालं की फुगून बसते, नाही मिळालं की आकसून जाते. सगळं मनाला लावून घेते."

ग्लेनिसनं नवऱ्याकडे बघितलं. "अशी दोन-दोन एका घरात मी किती दिवस सांभाळायची?" मग ती म्हणाली, "हे बघ लिंडसे. नाताळच्या जेवणापर्यंत घर सरळ झालं तर आपण इथे राहू. नाही झालं तर मॉरीनच्या शेजारी. मी बोलले ते बोलले."

काम स्पिरो कालोयेरास नावाच्या कंत्राटदाराकडे गेलं. माणूस मोठ्या आवाजाचा, हसरा. एक एक करून भिंतीखाली खड्डे खणायचे, ते वरच्या चंचल मातीतून पार खाली न्यायचे, जिथे उन्हाळा आला की पाऊस आला याची मातीला खबरही नसते, आणि तिथून वर काँक्रीटचे खांब भरून घराला टेकू द्यायचा. मग जॅक लावून बसलेला कोपरा हळूहळू उचलायचा. त्यानं घरभर पातळी मोजली आणि डोकं खाजवलं.

"कमाल आहे. घर एवढं कललंय, तरी दारं कशी काय लागतात? कुणी हात लावलाय का यांना?"

ग्लेनिस शेजारीच उभी होती. रंध्याचा विषय तिच्यासमोर पुन्हा निघावा असं लिंडसेला वाटेना.

"छे! जुनी दारं आहेत. मजबूत!" तो म्हणाला.

"मजबूत," स्पिरो विचारात पडल्यासारखा म्हणाला. घर उचलताना अडकू नयेत म्हणून त्यानं सगळी दारं उतरवून शेडमध्ये ठेवली आणि बाथरूमला चादर टांगली.

लिंडसेनं रजा काढली आणि चहाचा कप घेऊन खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. पायाखालची जमीन सरकते असं लोक नुसतं म्हणतात, त्यानं ती टोपल्यांत भरून जाताना बघितली. आपल्या झोपायच्या खोलीखालून पलीकडचा उजेड दिसतोय, हे कळल्यावर तो चहा न पिताच काठापासून दोन पावलं मागे सरकला.

नाताळच्या आदल्या दिवशी जॅक फिरले. घर कण्हलं, छताच्या पत्र्यानं एक शिवी हासडल्यासारखा आवाज केला, आणि लिंडसे डोळे मिटून बैठकीच्या मध्यभागी उभा राहिला. मग त्यानं गोटी जमिनीवर ठेवली. गोटीनं क्षणभर विचार केला, सवयीनं जराशी हलली आणि जागेवरच थांबली. लग्नाच्या फोटोमागची भेग मिटली होती. लिंडसेचे डोळे भरून आले. त्याला इतका आनंद त्या लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता, पण हे त्यानं ग्लेनिसला सांगितलं नाही.

नाताळच्या सकाळी ग्लेनिस स्वयंपाकघरात टर्कीशी झगडत होती. तिकडचा नाताळ भर उन्हाळ्यातला, ऊन रणरणत होतं. लिंडसे शीळ घालत शेडमधून दारं आणू लागला. बाथरूमचं दार त्यानं बिजागऱ्यांवर चढवलं, लावलं, आणि त्याची शीळ थांबली.

चौकट आता काटकोनात होती. दार मात्र इतक्या उन्हाळ्यांच्या रंध्यानं एका बाजूला उतरत गेलं होतं. वरच्या फटीतून त्याचा अख्खा हात पलीकडे गेला. कडी चौकटीपर्यंत पोहोचतच नव्हती. त्यानं घाईघाईनं झोपायच्या खोलीचं दार लावलं. तेही तसंच. स्वयंपाकघराचंही! आणि फाटकाशी मॉरीनची गाडी थांबली.

लिंडसेनं टेबलावरचा नाताळचा रुमाल उचलला, घडी घातली आणि बाथरूमच्या दारात कोंबला. दार लागलेलं दिसू लागलं.

बाकीचे पाहुणेही आले आणि जेवण सुरू झालं. मॉरीननं घर बघितलं, भिंती बघितल्या, लिंडसेनं पुढे केलेली गोटी ठेवून बघितली, आणि तिचं तोंड उतरलं. "बरंय," ती म्हणाली, "मी जरा हात धुऊन येते."

बाथरूम जेवणाच्या टेबलासमोरच. ती आत गेली तसा लिंडसेनं लगबगीनं बाहेरून रुमाल पुन्हा कोंबला. सगळ्यांच्या देखत रुमाल हळूच खाली पडला आणि दार सावकाश, कुठेही न घासता, उघडत गेलं.

"ग्लेनिस!!"

"गाणं म्हण, मॉरीन!" ग्लेनिस ओरडली. "तुझा आवाज येतोय तोवर कुणी तिकडे बघणार नाही!"

मॉरीननं चर्चमधलं एक गाणं म्हटलं, सगळी कडवी म्हटली. ती संपेपर्यंत ग्लेनिस शेडमध्ये जाऊन आली होती. तिनं रंधा टर्कीशेजारी ठेवला. लिंडसे ताटातल्या बटाट्याकडे बघत राहिला. लिंबाचं झाड, शेड, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर कुंडीत गेलं.

"मग?" मॉरीन बाहेर येत म्हणाली. "युनिट अजून रिकामं आहे."

ग्लेनिस हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते थांबल्यावर ती म्हणाली, "घर सरळ झालं तर राहू, असं मी म्हणाले होते. घर सरळ आहे. नवरा सरळ झाला तर, असं नव्हते म्हणाले. आम्ही इथेच राहणार, मॉरीन."

रंधा चर्चच्या जत्रेला देण्यात आला, टोस्टरसकट. नवी दारं बनेपर्यंत घरात एकच नियम ठरला. जो आत जाईल त्यानं गाणं म्हणायचं. ग्लेनिस जुनी गाणी म्हणते, पाहुणे येईल ते म्हणतात. लिंडसेला मात्र राष्ट्रगीताखेरीज काहीच पाठ नाही, आणि त्याचंही पहिलंच कडवं. त्यामुळे तो आत गेला की टेबलाशी बसलेली सगळी मंडळी काटे-चमचे खाली ठेवून उठून उभी राहतात.

"जरा लवकर आटप रे लिंडसे," ग्लेनिस उभ्यानंच ओरडते, "इथे ग्रेव्ही गार होतेय!"