वीरधवलच्या पिंडाला कावळा शिवेना

सकाळी नऊपासून कावळा पिंडाला शिवत नव्हता. कृष्णेच्या घाटावर सिनेमाचं शूटिंग होतं. मेलेला मुलगा कावळा होऊन दुःखी बापाला भेटायला येतो, अशी गोष्ट, आणि आजचा प्रसंग त्या मुलाच्या, वीरधवलच्या, दहाव्याचा. दिग्दर्शक पुष्कर पुण्याहून कॅमेरे, दिवे, जनरेटर घेऊन आला होता. कावळे मात्र गावचेच वापरायचे ठरले होते. ते समोरच्या उंबरावर ओळीनं बसून शूटिंग बघत होते.

गावातल्या नाथाजींना सिनेमातल्या भावकीत उभं राहायचं काम होतं. खरं तर त्यांना यायचंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी याच घाटावर त्यांच्या शिवतेजचा दहावा झाला होता. तापाचं निमित्त होऊन पंचविशीतलं पोर गेलं, आणि त्याच्याही पिंडाला कावळा शिवला नव्हता. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. पोराचं काहीतरी राहिलंय, हा सल तेव्हापासून नाथाजींच्या मनात होता. काय राहिलंय हेही त्यांना ठाऊक होतं, आणि झोप त्यामुळंच लागत नव्हती.

उन्हं वर आली तसा पुष्कर म्हणाला, जाऊ दे, कावळा मागाहून संगणकावर घालू. झालं! गाव बिथरलं. पिंडाला खोटा कावळा कसा चालेल? पोराची इच्छा राहिली असेल, कुणीतरी शब्द द्यायला पाहिजे. वीरधवल नावाचं कुणी मेलेलंच नाही, मी तो कागदावर लिहिलाय, असं पुष्करनं हात जोडून सांगितलं.

"तुमीच लिवला, तुमीच मारला," गर्दीतली धोंडुबाई शांतपणे म्हणाली. "आता त्याची इच्छा काय हुती, ती तरी सांगा."

पुष्करला ती माहीत नव्हती. कथेत लिहायचीच राहिली होती.

मग गावानंच मनावर घेतलं. धोंडुबाईनं वीरधवलच्या बहिणीचं लग्न लावून द्यायचा शब्द दिला. कथेत बहीण नव्हती, तरी दिला. सरपंच धनाजीनं त्याच्या नावानं व्यायामशाळा कबूल केली. ती तो दर निवडणुकीत करायचा, त्यामुळं कावळ्यांनी मानसुद्धा वळवली नाही. सिनेमातला बाप खोट्या दाढीखाली घामाघूम झाला.

नाथाजींचे पाय कधी पुढं पडले ते त्यांनाच कळलं नाही. ते पिंडासमोर बसले.

"शिवतेज," ते म्हणाले, "लालासाहेबाची उसाची ट्रॉली तू न्हाई, मी पलटी केली हुती. लाज वाटली म्हणून नाव तुझं सांगितलं. साऱ्या गावाचं बोलणं तू खाल्लंस. चुकलं माझं, लेकरा."

उंबरावरचा एक कावळा उठला. सरळ खाली आला, नाथाजींपासून हातभर अंतरावर बसला आणि त्यानं भाताला चोच लावली. जनरेटर सोडला तर घाटावर कसला म्हणून आवाज नव्हता. धनाजीनं डोक्यावरची टोपी काढली. पुष्करच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि शूटिंग थांबवायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

खुद्द लालासाहेब गर्दीतच होते. ट्रॉलीपायी ते शिवतेजशी तो मरेपर्यंत बोलले नव्हते. ते पुढं आले आणि कावळ्याकडं बघून त्यांनी हात जोडले.

नाथाजींना उठवायला त्यांची बायको बनुबाई आली. ते हुंदका देत म्हणाले, "बनू, तुलाबी मी खोटंच सांगितलं हुतं गं."

"ठावं हाय," बनुबाई म्हणाली. "पोरानं त्याच सांजंला सांगितलं हुतं मला."

नाथाजींनी विचारलं, "मग तू इतकी वर्सं गप का ऱ्हायलीस?"

"त्यानं शपथ घातली हुती," तिनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. "म्हणाला, आई, बाबा कवातरी आपणहून सांगत्याल. तवर त्यांना लाजवू नगंस."